विलायतेला जाणाऱ्या आईवडिलांचे ताट

अमरावती-अकोल्यातील कितीतरी घरांतील मुले आता विलायतेत स्थायिक झाली आहेत. उन्हाळा लागला की त्यांचे आईवडील पाच-सहा महिन्यांसाठी तिकडे निघतात. जाण्यापूर्वी गोळ्यांची चिठ्ठी लिहून घ्यायला ते माझ्याकडे येतात, तेव्हा एक प्रश्न ठरलेला असतो. ‘डॉक्टरसाहेब, तिथे खायचे काय?’ इंग्रज लोक उकडलेला बटाटा, पाव आणि मांस एवढेच खातात, शाकाहारी माणसाची तिथे उपासमार होते, ही समजूत इतकी पक्की असते की बॅगेचे निम्मे वजन लोणची, पापड आणि ठेच्याचेच भरते.

ही समजूत आजची नाही. १८८८ साली गांधीजी लंडनला निघाले, तेव्हा मांसाहारावाचून तिथे निभाव लागत नाही असे त्यांनाही सांगण्यात आले होते. सुरुवातीचे काही दिवस त्यांनी खरोखरच अर्धपोटी काढले. सकाळी ओटची लापशी मिळे, ती बरी. एरवी पालक, पाव आणि मुरंबा. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना शाकाहारी उपाहारगृह सापडले. शाकाहाराचा प्रचार करणारी संस्था त्या देशात १८४७ सालीच स्थापन झाली होती. ती गोष्ट आपल्याकडे कोणी सांगत नव्हते इतकेच. बेचव अन्नाची जी कीर्ती आहे, तिचा मोठा वाटा माझ्या मते महायुद्धाचा आहे. जानेवारी १९४० ते जुलै १९५४ एवढा काळ तिथे शिधावाटप चालू होते. लोणी, साखर, मांस सारे मोजून मिळे. अशा दिवसांत जो पाहुणा जेवून गेला, तो घरी जाऊन काय सांगणार?

आपल्या वऱ्हाडाविषयी तरी दुसरे काय होते? बाहेरचा माणूस ढाब्यावर एकदा तर्रीत बुडालेली भाजी खातो आणि ‘वऱ्हाडी जेवण म्हणजे नुसता जाळ’ असा निकाल देऊन मोकळा होतो. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, झुणका, कढीगोळे, ताक हे त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. (आपण कोथिंबिरीला सांभार म्हणतो हेही त्याला ठाऊक नसते, पुण्याकडच्या सुनेला ‘भाजीत सांभार घाल’ म्हटल्यावर काय गोंधळ उडतो, ते अनेक घरांनी अनुभवले असेल.)

डॉक्टर म्हणून मला या समजुतीची काळजी वाटते, त्याला कारण आहे. अकोल्याच्या एक निवृत्त शिक्षिका लेकीकडे पाच महिने राहून आल्या. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही जुने. तिथल्या अन्नाला हात लावायचा नाही हे त्यांनी येथूनच ठरवले होते. दोन्ही वेळा थोडी खिचडी, सोबत लोणचे आणि पापड. लेक कामावर गेली की दुपारचे जेवण पुष्कळदा राहून जाई. गोळ्या मात्र वेळेवर चालू होत्या. मधुमेहाच्या काही गोळ्या पोटात अन्न नसले तरी साखर खाली ओढतात. एका दुपारी त्या घामाघूम होऊन स्वयंपाकघरात कोसळल्या. लेक योगायोगाने लवकर घरी आली म्हणून निभावले. परतल्या तेव्हा वजन सहा किलोने उतरले होते आणि लोणच्या-पापडातील मिठामुळे रक्तदाब चढलेला होता. सत्तरीच्या आसपास असे उतरलेले वजन नुसत्या चरबीचे नसते, त्यात स्नायूही झिजतात. खुर्चीवरून उठताना हाताचा आधार लागू लागतो तो यामुळेच.

खरे पाहता त्या देशात आपल्या ताटाजोगे पुष्कळ आहे. ओटची लापशी ही आपल्या कण्यांची बहीणच समजा. दुधात शिजवावी, साखर टाळावी. टोमॅटोच्या रसातील डबाबंद घेवड्याचे दाणे तिथे टोस्टवर घालून खातात. त्यातून प्रथिने आणि तंतू मिळतात. कमी मीठ-साखरेचा डबा मागावा, वर घरचा कांदा-सांभार घालावा. मटार, कोबी, गाजर, पालक यांना तोटा नाही. लेस्टर किंवा वेम्बलीसारख्या गुजराती वस्तीच्या भागात ‘जुवार’ या नावाने ज्वारीचे पीठही मिळते, तेव्हा भाकरीची चिंता नको. तूप, पेढे, खवा मात्र येथून नेऊ नयेत. आपल्याकडून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास तिथे मनाई आहे. पुष्कळ पाकिटांवर मीठ, साखर, चरबी यांसाठी लाल, पिवळा, हिरवा रंग छापलेला असतो. इंग्रजी वाचता न येणाऱ्या आजीलाही मिठाचा लाल रंग ओळखता येतो. तेवढे तिला पहिल्याच दिवशी दाखवून ठेवावे.

तिथला आणखी एक पदार्थ म्हणजे मार्माइट. यीस्टपासून केलेला काळा, चिकट, खारट लेप, पावाला लावून खातात. आपली मंडळी वासानेच नाक मुरडतात. पण या बाटलीचा आपल्या मुंबईशी जुना संबंध आहे. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर गिरणी कामगार स्त्रियांच्या गरोदरपणातील पांडुरोगाचा अभ्यास करण्यासाठी मुंबईत आल्या. मार्माइट दिल्यावर त्या स्त्रियांचे रक्त सुधारते असे त्यांना आढळले. त्यातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. आपल्या हिरव्या पालेभाज्यांतही ते असते. अर्थात मार्माइटच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १० ग्रॅम मीठ असते, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णाने फार तर बोटभर लावावे. शाकाहारी ज्येष्ठांत, विशेषतः मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांत, बी-१२ जीवनसत्त्वही कमी पडते; ते जाण्यापूर्वी तपासून घ्यावे. बी-१२ न पाहता नुसते फॉलिक आम्ल घेत राहिल्यास रक्त सुधारलेले दिसते, पण नसांची हानी चालूच राहते.

मुक्काम हिवाळ्यापर्यंत लांबणार असेल तर ऊन मिळत नाही. तेथील सरकार शरद आणि हिवाळ्यात सर्वांनाच रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा सल्ला देते. आपणही आपल्या डॉक्टरांना विचारून ते सोबत न्यावे. न्याहारीला ग्रेपफ्रूट पुढे आले तर मात्र थांबावे. कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचे रक्तातील प्रमाण या फळामुळे वाढते. संत्रे खुशाल खावे, जरी ते वरूड-मोर्शीच्या संत्र्याची सर करणार नाही.

आणि विलायतेतील लेकी-सुनांनो, सकाळी कामावर निघताना आईंचे दुपारचे जेवण ताटात वाढून, झाकून ठेवा; डब्यात ठेवलेले त्या काढून घेतीलच असे नाही. एक वाजता फोन करा आणि ‘जेवलात का’ असे न विचारता ‘काय काय खाल्ले’ असे विचारा.