भैरूचं ताट

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण म्हणतो. आमच्या सरड्याची तर तेवढीही नाही. त्याचं कुंपण म्हणजे चार फुटी काचेची पेटी. आत एक ओंडका, एक सपाट दगड आणि वर दोन दिवे. तो दगडावर ऐटीत बसून आमच्या हॉलकडे बघत असतो आणि आम्ही त्याच्याकडे!

हा 'बेअर्डेड ड्रॅगन', म्हणजे दाढीवाला सरडा. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या, रखरखीत भागातला. ऑस्ट्रेलिया आपले वन्यप्राणी विकायला बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे इथे अमेरिकेत मिळतात ते सगळे बंदिवासातच जन्मलेले. गळ्याखाली काटेरी कातडी असते, राग आला की ती फुगते आणि काळी पडते. मुलीने त्याचं नाव 'स्पाइक' ठेवलं होतं. साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्याचा भैरू केला. आता तो स्पाइक म्हटलं तर बघत नाही. (भैरू म्हटलं तरी बघत नाही, ते सोडा.)

पण आज सांगायचंय ते त्याच्या खाण्याबद्दल.

भैरू आमच्याकडे आला तेव्हा दोन वर्षांचा होता. एक कुटुंब गाव सोडून चाललं होतं, त्यांच्याकडून आम्ही तो घेतला. चांगली प्रेमळ माणसं होती. दोन वर्षं त्यांनी त्याला रोज मीलवर्म नावाच्या अळ्या आणि आइसबर्ग लेट्यूस असं भरपेट खायला घातलं. उपाशी तो कधीच नव्हता. तरीही त्याच्या पायाची बोटं थरथरायची, मागचा डावा पाय वाकलेला आणि खालचा जबडा रबरासारखा मऊ. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला आणि सांगितलं, हाडं ठिसूळ झालीत, अंगात कॅल्शियमच नाही. म्हणजे पोट भरलेलं आणि शरीर उपाशी! हे वाक्य माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळत राहिलं.

त्या दिवसापासून मी सरड्याच्या आहारशास्त्राची विद्यार्थिनी झाले. सगळा खेळ कॅल्शियम आणि फॉस्फरसच्या हिशोबाचा आहे. खाण्यात फॉस्फरसच्या साधारण दुप्पट कॅल्शियम हवं. किड्यांमध्ये नेमकं उलटं असतं. म्हणून रातकिडे द्यायच्या आधी कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायचे, आपण बोंबील रव्यात घोळवतो तसे. (माळकरी सासूबाईंसमोर ही उपमा दिली नाही.) शिवाय भैरूला द्यायच्या आधी दिवसभर त्या रातकिड्यांनाच गाजर आणि पालेभाजी खाऊ घालायची. म्हणजे पाहुण्याच्या जेवणाचं जेवण आधी सांभाळायचं. आणि एवढं करून ते कॅल्शियम अंगी लागायला 'ड' जीवनसत्त्व हवं, त्यासाठी अतिनील किरणांचा खास दिवा हवा. खिडकीतलं ऊन कामाचं नाही, काच ते किरण अडवते. दिवाही फसवा असतो. दिसायला लख्ख पेटतो, पण आतले किरण कधीच मंदावलेले असतात, म्हणून सहा महिने ते वर्षभरात बदलायचा. आमच्या फ्रिजवर आता गणपतीच्या तारखेशेजारी दिव्याची तारीख लिहिलेली असते.

आता भाज्या. मला वाटलं होतं, पालक म्हणजे सर्वगुणसंपन्न. छे! पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. राजगिऱ्याच्या आणि बिटाच्या पाल्याचंही तेच. कधीतरी एखादं पान चालेल, पण रोजचं खाणं म्हणून नाही. अव्होकाडो तर विषच. भैरूच्या रोजच्या पानात असतात कोलार्डची पानं, मोहरीचा पाला, डँडेलियनचा पाला. सोबत किसलेला लाल भोपळा, रंगासाठी थोडी ढोबळी मिरची. कधी काटे काढलेलं फड्या निवडुंग, ते मेक्सिकन दुकानात मिळतं. फळ म्हणजे सणासुदीला, ब्लूबेरीचे दोन दाणे. आणि जास्वंदीचं फूल! ते तर तो असा गट्ट करतो की विचारू नका. सासूबाईंनी कुंडीतलं पहिलं फूल गणपतीला आणि दुसरं भैरूला, असा नेमच करून टाकला.

त्यांना मी एकदा हे सगळं समजावून सांगत होते. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, म्हणजे डावी बाजू, उजवी बाजू. आम्ही वेगळं काय करत होतो?" मला हसूच आलं. चटणी, कोशिंबीर, भाजी, वरण, प्रत्येकाची पानातली जागा ठरलेली. एकाच पदार्थावर ताट उरकायचं नाही, हे आपल्याकडे कॅल्शियमचं नाव न घेता चालत आलेलं आहे.

राहता राहिला किड्यांचा प्रश्न.

आमचं घर शाकाहारी. फ्रिजमध्ये अंडं आलं तेच मुलीच्या वाढदिवसाच्या केकबरोबर. आणि आता कपाटात अंड्यांच्या पुठ्ठ्यांमध्ये ड्युबिया जातीची झुरळं नांदतात! सासूबाई म्हणाल्या, "आम्ही झुरळं मारायला पैसे मोजायचो, तुम्ही पाळायला मोजता." गंमत सोडा, पण पहिल्यांदा चिमट्यात किडा धरला तेव्हा माझा हात खरंच थरथरला होता. मी मारत नाहीये, भैरू मारतोय, ही पळवाट मला पटत नाही. चिमटा माझ्या हातात असतो. नुसत्या पाल्यावर ठेवून त्याला माझ्यासारखं शाकाहारी करता येणार नाही. ती दया नव्हे, माझ्या हट्टापायी त्याला पुन्हा उपाशी ठेवणं होईल. मग माझ्या हातात उरतं ते एवढंच. त्या किड्यांनाही नीट ठेवायचं, खायला-प्यायला घालायचं, लागतील तेवढेच द्यायचे. ह्याने प्रश्न सुटतो असं मी म्हणत नाही. पण आपल्या आवडीने प्राणी आणला की त्याचं पोटही आपल्या पदरात येतं, ते आपल्याला सोयीचं असो वा नसो.

दिलासा एकच. ही मंडळी लहानपणी मुख्यतः किड्यांवर वाढतात आणि मोठेपणी बहुतांशी पाल्यावर येतात. भैरूला आता आठवड्यातून दोन-तीनदाच किडे लागतात. सासूबाईंनी ताबडतोब निकाल दिला, "वानप्रस्थाश्रम!"

नियम बरेच आहेत. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. दिवे मालवायच्या तोंडावर खायला द्यायचं नाही, अंगात ऊब नसेल तर पचत नाही. उरलेले रातकिडे पेटीत ठेवायचे नाहीत, ते रात्री त्यालाच चावतात. त्याची भांडी स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत आणि त्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे, कारण सरड्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना त्याचा त्रास जास्त. आणि अंगणातला किडा कधीही द्यायचा नाही. जूनमध्ये आमच्याकडे न्यू जर्सीत संध्याकाळी काजवे चमकतात. मुलगी आणि आजी पायऱ्यांवर बसून ते बघतात, आजी भंडारदऱ्याच्या काजव्यांनी लगडलेल्या झाडांच्या गोष्टी सांगते. त्यातला एक काजवा पेटीत गेला तरी भैरू जिवंत राहायचा नाही, इतकं जहर त्याच्यात असतं. एवढी सुंदर वस्तू, नाही?

सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांचा भात मी वाटीने मोजते, आंबा फोडींनी. एकदा भैरूचा भोपळा किसता किसता त्या सहज म्हणाल्या, "आम्हा दोघांच्याही पानात काय पडायचं ते तूच ठरवतेस हो." आवाजात तक्रार नव्हती, पण मला ते लागलं. पथ्य सांभाळणं वेगळं आणि दुसऱ्याच्या तोंडची चव हातात घेणं वेगळं. भैरू बोलू शकत नाही, त्याचं मला वजनकाट्यावरून ओळखावं लागतं. त्या बोलू शकतात. मग त्यांना विचारायला काय हरकत आहे? हल्ली विचारते, "आई, आज भात की भाकरी?" त्या बहुतेक वेळा भाकरीच सांगतात. पण सांगतात त्या, मी नाही.

भैरू आला तेव्हा २४० ग्रॅमचा होता, आता ३६० आहे. बोटांची थरथर थांबली, जबडा घट्ट झाला. वाकलेला पाय मात्र तसाच राहणार, डॉक्टरीणबाईंनी ते आधीच सांगितलं होतं. तरी त्या पायाने तो ओंडक्यावर चढतो, थोडा तिरका, पण चढतो.

सासूबाई ऑक्टोबरात परत गेल्या. फोन आला की त्यांचा पहिला प्रश्न, "भैरू जेवला का?" नात रुसते, "आजी, मी नाही का जेवायचं?" तेव्हा तिला सांगितलं, आपल्याकडे माया विचारायची पद्धतच ही आहे बाई.

असो. कॅल्शियमचा डबा तळाला गेलाय, आणि कोलार्डची जुडीही संपत आली. निघायला हवं.