पगार सोडलेला कवी

निडी स्टेशनावर दिव्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहताना मोबाइलवर एका होतकरू गायकाचा ख्रिस्ती भजनांचा नवा अल्बम लावला. शब्द त्याचे, चाल त्याची, खर्चही त्याचाच. ऐकणारे मोजके, तेही बहुधा त्याच्याच मंडळीतले. निम्मी गाणी हिंदीची नक्कल वाटली, गिटार नुसती बडवलेली. पण एका भजनात पेटी आणि टाळ सुरू झाले आणि मी आवाज वाढवला.

ख्रिस्ती भजनातल्या पेटी-टाळांची ही वाट रेव्हरंड ना. वा. टिळकांची. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा संसार दुभंगला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या. (ती कहाणी त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातूनच वाचावी, माझ्याकडून नको.) पाश्चात्त्य चालींवर मराठी शब्द बसवून गाणाऱ्या चर्चमध्ये टिळकांनी अभंग नेला, भजन-कीर्तन नेलं. तुकोबांचं बोट त्यांनी सोडलं नाही. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ मांडला. दोन वर्षांत गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

टिळकांची गीतं मराठी चर्चमध्ये आजही गातात. बाहेर मात्र ‘फुलांमुलांचे कवी’ एवढीच ओळख उरली. आमच्या रोह्या-पेणच्या भजनी मंडळांना त्यांचे अभंग कोणी ऐकवले असतील, असं वाटत नाही. बुवांनो, एकदा म्हणून बघा. पखवाजाला ते परके वाटणार नाहीत.