एकट्याचा शिधा

मंगळावर एकटाच मागे राहिलेला माणूस आधी काय करील? आकाशाकडे बघत बसेल, देवाचं नाव घेईल, असं आपल्याला वाटतं. अँडी वीअरच्या ‘द मार्शियन’ या कादंबरीतला मार्क वॉटनी कुशीत घुसलेला अँटेनाचा तुकडा उपसतो, स्वतःच्या हाताने जखमेला टाके घालतो आणि मग शिधा मोजायला बसतो. सहा जणांची मोहीम, एकतीस दिवसांचा मुक्काम. सहाव्याच दिवशी वादळ उठलं आणि तो मेला असं समजून सोबती निघून गेले. उरलेलं अन्न एका माणसाने अगदी पुरवून पुरवून खाल्लं तर चारशे दिवस जाईल. पुढची मोहीम येणार चार वर्षांनी, तीही तीन हजार किलोमीटरहून अधिक दूर.

या मोजदादीमुळेच ही कादंबरी माझ्या इतकी जवळची झाली आहे. मरायचंच ठरवलेला माणूस उष्मांक मोजत नाही. वॉटनीच्या रोजनिशीत पानोपानी बेरीज-भागाकार आहेत, आणि त्यांच्याआडून एका माणसाची जगण्यावरची माया दिसत राहते.

बटाट्यांचंच बघा. सणाच्या जेवणासाठी म्हणून बटाटे पाठवलेले आहेत. बंद पाकिटातले नाहीत, मोड येतील असे जिवंत. वॉटनी मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ. तो एकेका बटाट्याचे चार तुकडे करतो, प्रत्येकाला निदान दोन डोळे राहतील हे बघून. काप सुकू देतो आणि मग लावतो. बेणं असंच तयार करतात; सातगाव पठारावरचा शेतकरी हे पान वाचून मान डोलावील. मंगळाच्या कोरड्या मातीत तो आपली विष्ठा कालवतो, पृथ्वीवरून आलेली मूठभर जिवंत माती मिसळतो, आणि निवाऱ्याच्या जमिनीवर शेत पसरतो.

पण पाणी? उतरताना वापरलेल्या यानात हायड्राझिन हे इंधन उरलेलं असतं. इरिडियमवरून ते थेंबथेंब सोडलं की नायट्रोजन आणि हायड्रोजन सुटे होतात; हायड्रोजन ऑक्सिजनमध्ये जाळला की पाणी. कागदावर सगळं बरोबर असतं, आणि तरी स्फोट होतो. मुखवट्यातून ऑक्सिजन घेताना आपल्या उच्छ्वासातूनही तो बाहेर पडतो, एवढंच त्याने धरलेलं नसतं. स्वतःचा श्वास हिशेबातून सुटावा आणि त्याच श्वासाने जीव घ्यायला उठावं! मी या जागी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

तो जिवंत आहे हे पृथ्वीला कळतं, तेही उपग्रहाच्या छायाचित्रांतून. वादळानंतर धुळीने माखायला हवे होते ते सौर पॅनेल स्वच्छ दिसतात. कुणीतरी तिथे झाडलोट करतंय.

विज्ञानाच्या बाजूने यात उणिवा आहेत. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. तिथलं वादळ यान उलथवू शकणार नाही, हे वीअरने स्वतःच मान्य केलं आहे. २००८ साली फिनिक्स यानाला तिथल्या मातीत परक्लोरेट क्षार सापडले; ती माती नीट धुतल्याशिवाय त्या बटाट्यांचं काही खरं नाही. मला या उणिवा खुपत नाहीत. एकदा संकट कोसळल्यावर लेखक नायकाला कुठेही फुकटची सूट देत नाही, आणि अशा कथेत मी तेवढंच मागतो.

वीअर हा संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा माणूस. त्याने ही गोष्ट आधी आपल्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने लिहिली, २०११ साली स्वतःच प्रसिद्ध केली; मोठ्या प्रकाशकाकडून ती २०१४ मध्ये आली आणि २०१५ मध्ये रिडली स्कॉटचा चित्रपट. चित्रपट चांगलाच आहे, पण त्याला घाई आहे. भागाकार करता करता माणसाला धीर कसा येतो, हे पडद्यावर मावत नाही. म्हणून चित्रपट पाहिला असला तरी पुस्तक वाचा. इंग्रजी सोपं आहे. आणि घरात अकरावी-बारावीचं कुणी ‘या गणिताचा पुढे उपयोग काय?’ असं विचारत असेल, तर वाद घालू नका, हे पुस्तक त्याच्या हातात द्या.