पाच-दहा रुपयांचा कागद

चाकणला रेल्वे नाही. तरीही चाकणच्या कारखान्यांत जाणाऱ्या कितीतरी मुलांचा दिवस रेल्वेच्या फलाटावर सुरू होतो. कामशेत, कान्हे, वडगाव या बाजूची मुले लोकलने तळेगावला उतरतात आणि तिथून चाकणच्या रस्त्याला लागतात. ज्यांचे काम आकुर्डी, चिंचवड किंवा पिंपरीला आहे ती तशीच पुढे जातात. पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली आणि मावळातल्या भातखाचरांची कारखान्यांशी सोयरीक जुळली. घरी दीड-दोन एकर इंद्रायणी भात, दावणीला एखादी म्हैस आणि धाकटा मुलगा कंपनीत, अशी घरे आता आमच्या भागात गावोगाव आहेत. शेतीच्या कामानिमित्त मी या घरांच्या ओसरीवर बसतो, तेव्हा भाताच्या करप्याबरोबर मुलांच्या पाळीच्या वेळा, ठेकेदार आणि लोकल हेही विषय निघतात.

या मुलांपैकी काही जण तिकीट काढत नाहीत. विचारले तर सांगतात, खिडकीवर रांग होती, गाडी चुकली असती, अर्धा दिवस गेला असता. रांग असते हे खरे आणि लोकल पुष्कळ नाहीत हेही खरे. पण महिन्याचा पास काढला तर रोज रांगेत उभे राहावे लागत नाही आणि आता तिकीट मोबाईलवरही निघते. खरे कारण वेगळेच आहे. ‘एवढ्याशा अंतराला कोण तपासतो’ ही हिंमत. बांधावरून शेजाऱ्याचे चार पेंढ्या गवत कापून आणणाऱ्याची हिंमत असते, त्याच जातीची.

तपासतात. कधी एकटा टी.सी. असतो, तर कधी दंडाधिकाऱ्यांसह सगळे पथकच फलाटावर उभे असते. १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे तिकिटाविना सापडलेल्याने भाडे तर भरायचेच, शिवाय वर भाड्याइतकी रक्कम किंवा २५० रुपये, यांतले जे जास्त असेल ते द्यायचे. लोकलच्या प्रवासात अर्थात २५०. त्यात मेख अशी की, तुम्ही कुठून बसलात याची शंका असली तर भाडे गाडी जिथून सुटली तिथपासून धरतात. मध्ये कुठे तपासणी झालेली असेल तर त्या ठिकाणापासून. लोकलला हे फारसे लागत नाही. पण चिंचवडला थांबलेल्या लांबच्या गाडीत उडी मारून बसणाऱ्याला हा हिशेब चांगलाच महागात पडतो.

पैसे भरायला नकार दिला तर प्रकरण न्यायालयापुढे जाते, आणि तिथेही भरले नाहीत तर कमीत कमी दहा दिवस आणि जास्तीत जास्त एक महिना कैद होऊ शकते. फसवण्याच्या हेतूने प्रवास केला असे ठरले, म्हणजे उदाहरणार्थ एकदा वापरलेले तिकीट पुन्हा दाखवले, तर शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खास कारण नसेल तर हा दंड पाचशेच्या खाली येत नाही. ठेकेदाराकडे कामाला असलेल्या पोराचा दहा दिवसांचा खाडा म्हणजे काय, हे त्याच्या घरच्यांना मी सांगायला नको. परत जाईपर्यंत यंत्रावर दुसरा मुलगा उभा असतो.

कायद्यात सवलतीही आहेत, पण त्या कुणी सांगत नाही. अगदीच वेळ नसेल तर गाडीत चढण्याआधी रेल्वेच्या माणसाला गाठून परवानगीची चिठ्ठी घ्यावी. तशी चिठ्ठी असेल तर फक्त भाडे घेतात, वरचा दंड नाही. एकट्या बाईला किंवा मुलाला तिकीट नाही म्हणून रात्री-अपरात्री कुठल्याही स्टेशनवर उतरवून देता येत नाही. तसे करायचे तर दिवसा, आणि ठरावीक स्टेशनांवरच. कॉलेजला जाणाऱ्या लेकीसुनांना एवढे माहीत असावे. म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी या भागांत खोल्या घेऊन राहणारी मराठवाड्या-विदर्भाची मुले दिवाळीला गावी निघतात, त्यांच्यासाठीही एक गोष्ट. मोबाईलवर काढलेले वेटिंगचे तिकीट यादी लागल्यावरही पूर्ण वेटिंगलाच राहिले, तर ते आपोआप रद्द होते आणि पैसे परत जातात. ते दाखवून गाडीत बसणारा विनातिकीटच ठरतो.

पण दंडाचे सोडा. दंड भरून माणूस घरी तरी येतो.

बियाण्याची पिशवी घेतली की पावती, लेबल आणि रिकामी पिशवी जपून ठेवा, हे मी तीस वर्षे सांगत आलो. बी उगवले नाही तर तक्रार त्या कागदावर उभी राहते. रेल्वेचे तिकीट तसेच आहे. गाडीतून चुकून पडून माणूस दगावला तर रेल्वेकडून नुकसानभरपाई मिळण्याची तरतूद कायद्यात १९९४ पासून आहे. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूबद्दलची ही रक्कम आठ लाख रुपये आहे. रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आत्महत्या, नशा, स्वतःचा गुन्हा यांतून झालेले मरण त्यात बसत नाही. आणि मेलेला माणूस रीतसर प्रवासी असावा लागतो.

मावळातल्या एका गावी आबा म्हणून आमच्या माहितीचे शेतकरी आहेत. त्यांचा धाकटा मुलगा पहिल्या पाळीला जाताना लोकलच्या दारातून पडला आणि जागीच गेला. पंचनाम्यात खिशातल्या वस्तू लिहिल्या आहेत. कंपनीचे ओळखपत्र, दहाची एक नोट, रुमाल. तिकीट नाही. घरी फळीवर त्याचा महिन्याचा पास सापडला, पण त्याची मुदत पाच दिवसांपूर्वी संपलेली. पगार सातला व्हायचा, मुलगा गेला सहाला. ‘पगार झाला की काढतो’ असे तो आईला म्हणाला होता.

दहाव्यानंतर आबा माझ्याकडे आले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगून ठेवले आहे की, केवळ अंगावर तिकीट सापडले नाही म्हणून दावा फेटाळायचा नाही. घरच्यांनी प्रतिज्ञापत्रावर खरी हकीकत मांडावी, मग तो प्रवासी नव्हता हे दाखवण्याचा भार रेल्वेवर जातो. हे कुणीतरी आबांना सांगितले होते, पण आपल्या सोयीने.

‘‘भाऊसाहेब, तिकीट काढलं व्हतं असं लिवून द्या म्हनत्यात. लिवू का?’’

मी लगेच बोललो नाही. आठ लाख रुपये त्या दीड एकरात किती हंगामांनी उभे राहतील याचा हिशेब मला येतो. घरात सून आणि दोन वर्षांची नात. शेवटी म्हणालो, ‘‘आबा, तुम्हाला जे ठाऊक आहे तेवढंच लिहा. त्या दिवशी त्याच्याबरोबर कोण होतं, ते आधी शोधा.’’

‘‘मला बी तसंच वाटतंय,’’ आबा म्हणाले. ‘‘पोरगं गेलं. आता त्याच्या नावानं खोटी शपथ कशाला?’’

शोधल्यावर त्याच गाडीचा एक मित्र भेटला. त्याने मुलाला खिडकीच्या रांगेत उभे असलेले पाहिले होते. गाडी आली तेव्हा दोघेही धावले. मुलाचा नंबर लागून तिकीट हातात पडले होते की नाही, हे त्याने पाहिले नव्हते. कदाचित तिकीट हातातच असेल आणि पडताना उडाले असेल. मोबाईलवर काढलेले असते तर फोन फुटला तरी नोंद मागता आली असती. अर्जात आबांनी रांगेचे लिहिले आणि संपलेल्या पासाचेही लिहिले. वकील म्हणाले, पासाचे लिहायची गरज नाही. आबांनी ते ठेवले.

निकाल अजून लागलेला नाही. तारखेला आबा आणि तो मित्र दोघे जातात. मित्र मोबाईलवर तिकीट काढू म्हणतो, पण आबा ऐकत नाहीत. घरून तासभर आधी निघतात, खिडकीवर स्वतः उभे राहून दोघांची तिकिटे काढतात, आणि घरी आल्यावर ती पीकविम्याच्या पावत्यांच्या पिशवीत घालून ठेवतात.