शहाबादी फरशीच्या गावी

शहाबादी फरशीवर रांगला नाही असा मराठी माणूस आमच्या पिढीत तरी विरळाच. चाळीतली मोरी असो, वाड्याची ओसरी असो, शाळेचा व्हरांडा असो की एस.टी.चे स्थानक, पायाखाली ही करडी फरशी ठरलेली. परंतु शहाबाद नावाचे एक गाव आहे आणि तिथे आगगाडीने जाता येते, हे पुष्कळांच्या गावीही नसते. मला तिकडे जाण्याची बुद्धी झाली ती आमच्या मोतीमुळे.

मोती म्हणजे आमचा कुत्रा. वय वर्षे तेरा. जात सांगण्यासारखी नाही. पुण्यातल्या आमच्या नव्या तळमजल्यावरच्या घरात बिल्डरने मोठ्या हौसेने चकचकीत व्हिट्रिफाइड फरश्या घातल्या होत्या. पाहुणे येत, फरशीत आपले तोंड पाहत आणि घर छान आहे म्हणत. मोतीचे मात्र चार पाय चार दिशांना जात. दोन-तीनदा आपटल्यावर त्याने चालणेच सोडले. दारापाशी पायपुसण्यावर बसून राही. पाण्याच्या भांड्यापर्यंतसुद्धा जाईना. डॉक्टरांनी कंबर तपासली, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "गोळ्यांनी दुखणे कमी होईल, पण तो चालला नाही तर मागचे पाय वाळत जातील. जमिनीचे काही तरी बघा." आईला अठ्ठ्याहत्तरावे लागलेले. ती शेजारीच बसली होती. म्हणाली, "म्हणजे माझे नि मोतीचे औषध एकच!"

कुत्र्याचा पंजा आपण कधी नीट पाहत नाही. कुत्रा टाचेवर नव्हे, बोटांवर चालतो. मातीत त्याची नखे रुततात आणि गाद्या जमीन धरतात. गुळगुळीत फरशीत नख रुतणार कुठे? उलट ते वाढलेले असले तर गादी वर उचलली जाते, आणि बोटांमधले केस वाढले की प्राणी जणू रेशमी मोजे घालून हिंडतो. तेव्हा नखे नि केस कापणे हे पहिले काम. ते आम्ही केले. थोडा फरक पडला, पुरेसा नाही.

मग सल्ले सुरू झाले. एकाने संगमरवर सुचवला. पण संगमरवर म्हणजे चुन्याचा भाऊ. त्यावर लिंबू सांडले तरी पांढुरका डाग उठतो, मग म्हाताऱ्या कुत्र्याचे रात्रीबेरात्रीचे चुकणे त्याला कसे सोसावे? लाकडासारख्या दिसणाऱ्या लॅमिनेटच्या पट्ट्या सांध्यांतून पाणी पितात आणि फुगतात. कोकणातल्या आमच्या आजोळी सारवलेली जमीन होती. कुत्र्याच्या पायाला तिच्यासारखे सुख नाही, पण नखांनी उखडते आणि दर चार दिवसांनी सारवायला माणूस हवे. ते पुण्यात कुठून आणायचे? खडबडीत, बिनचकाकीच्या फरश्या दुकानांत मिळतात. त्यांच्यावर आर-९ पासून आर-१३ पर्यंत आकडे असतात. आकडा जितका मोठा तितकी पकड अधिक. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी खुशाल आर-१० घ्यावी, दगडाचे ओझे स्लॅबवर नको. आम्ही मात्र जमिनीलगत राहत होतो, आणि आईच्या मनात शहाबादीच भरली होती.

रात्रीच्या गाडीने निघालो. सोलापूरला उजाडले. पुढे गाणगापूर रोडला दत्तभक्तांचा घोळका उतरला आणि डबा अर्धा रिकामा झाला. गुलबर्ग्याचे नाव २०१४ पासून कलबुर्गी झाले आहे. तिथे उतरून मोटारीने शहाबाद तासाभरावर. दोहीकडे तुरीची शेते आणि काळी जमीन. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा, १९५६ पासून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. बोलण्यात कानडी आणि दखनी उर्दूची मिसळ. मराठीवर कुणी अडत नाही. १८७१ साली मुंबईचा लोहमार्ग रायचूरला मद्रासच्या मार्गाशी जोडला गेला, आणि असला जड माल दूरवर धाडायची सोय झाली.

गावाजवळ येताच घरांच्या भिंती फरश्यांच्या, शेतांची कुंपणे उभ्या रोवलेल्या फरश्यांची. आपण जी मोजून विकत घेतो ती इथे बाभळीच्या काट्यांसारखी वापरतात! आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ फोडला तर त्याचे धोंडे होतात. इथला दगड चुनखडीचा, कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून झालेला. खाणीत उतरलो तेव्हा भिंत पाहून जुन्या वह्यांच्या गठ्ठ्याची आठवण झाली. पाथरवट थराच्या फटीत छिन्नी ठेवतो, हलके ठोकत पुढे सरकतो, आणि अंथरुणाची घडी उलगडावी तसा इंचभर जाडीचा पापुद्रा सुटतो. कडा आता यंत्राने कापतात. पाण्याचा फवारा, पांढरा चिखल आणि कान फुटेल असा आवाज. नुकत्याच काढलेल्या एका थरावर खाणीतली दोन कुत्री सावलीला पसरली होती. आमची चाहूल लागताच ती उठली आणि त्या ओल्या दगडावरून धावत गेली, एकदाही न घसरता. मला पाहायचे होते ते दिसले.

"पॉलिशचा माल दाखवू का साहेब? आरशावानी!" मालकाने विचारले. मी नको म्हटल्यावर त्याला वाईट वाटले. मग त्याने निसर्गतःच सुटलेल्या पृष्ठभागाच्या, दोन फुटी फरश्या काढून दिल्या. मी बूट काढून त्यांवर चालून पाहिले, पाणी ओतून पुन्हा चालून पाहिले. मालक आपल्या माणसांकडे पाहून हसत होता.

तरी हाही चुन्याचाच दगड, संगमरवराचाच गरीब नातलग. त्याला आम्ल चालत नाही. मोरी धुवायचे अॅसिड त्याच्याजवळ आणू नये. खडबडीत असल्यामुळे डाग चटकन दिसत नाही, एवढाच फायदा. पण ओल मुरते आणि वास राहतो. म्हणून गवंड्याकडून सांधे अगदी बारीक ठेवून घेतले, त्यांत साध्या सिमेंटऐवजी इपॉक्सी भरले, आणि दगडात मुरणारे, चकाकी न आणणारे सीलर दोनदा लावले. पुसायला साधा साबण. अमोनियाच्या वासाची औषधे वापरू नयेत. कुत्र्याला तो आपल्याच लघवीसारखा वाटतो आणि तो पुन्हा तिथेच जातो. फिनेलही बंद, कारण पंजे चाटणाऱ्या प्राण्याच्या ते पोटात जाते.

गवंडी कुरकुरला. जुन्या फरश्या उखडाव्या लागल्या, दोन दरवाजे खालून तासावे लागले, खर्च अंदाजाबाहेर गेला. शेजाऱ्यांना घर अजून अर्धवटच वाटते.

मोती पहिले दोन दिवस भिंतीच्या कडेने चालला. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्यापर्यंत आपला आपण गेला. आठवड्याने मागच्या अंगणात, आई भाजी निवडते तिथे. थंडीत ही फरशी फार गार पडते आणि म्हातारी हाडे धरतात, म्हणून आईने आपल्या जुन्या लुगड्यांची एक गोधडी त्याला शिवून दिली आहे, आणि स्वतःसाठी लोकरीचे मोजे आणवले आहेत, तळव्याला रबराचे ठिपके असलेले.