बळसाण्याच्या वाटेवरचे पाणी

कार्तिकी पौर्णिमा आली की खानदेशातील जैन घरांत तीर्थयात्रेचे बेत सुरू होतात. चातुर्मासात एका गावी स्थिर राहिलेल्या साधु-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो आणि चार महिने दूरचा प्रवास टाळणारे श्रावकही निघण्याची तयारी करतात. जळगावकरांच्या मनात अशा वेळी पहिले नाव बहुधा बळसाण्याचे येते. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील हे क्षेत्र तेरावे तीर्थंकर श्री विमलनाथ भगवंतांचे. गावातील मध्ययुगीन मंदिरांचा समूह पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. निजण्याची, स्वयंपाकाची आणि पाण्याची सोय असलेली गाडी आता अनोळखी राहिलेली नाही. उकाळलेले पाणी घेणारे आजी-आजोबा आणि लहान मुले बरोबर असली की अशी गाडी मोठा आधार ठरते. मात्र आषाढापासून गोदामात उभी असलेली गाडी बाहेर काढताना टायर आणि बॅटरी तपासली जाते, आसनाखालची पाण्याची टाकी विसरली जाते.

उकाळलेल्या पाण्यालाही आपल्याकडे काळाची मर्यादा आहे. श्वेतांबर परंपरेत ती पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच प्रहर मानतात. ज्या घरात प्रहर मोजले जातात, त्या घराच्या टाकीत चार महिन्यांचे पाणी असावे, ही विसंगती लहान नाही. बंद टाकीत, पंपात आणि नळ्यांच्या वळणांत थोडे जरी पाणी राहिले, तरी आतल्या भिंतींवर बुळबुळीत थर धरतो. झाकण सैल असेल तर डासांच्या अळ्या होतात. वरून ताजे पाणी भरले, तरी ते त्या थरावरूनच नळाला येते.

म्हणून निघण्यापूर्वी दोन दिवस तरी या कामाला द्यावेत. प्रथम तळाची तोटी उघडून जुने पाणी काढावे, गाळणीचे काडतूस बाहेर घ्यावे आणि टाकीचा आतला भाग मऊ ब्रशने धुवावा. केळीच्या बागेतला ठिबक संच बराच काळ बंद राहिला, की शेतकरी नळ्यांची टोके उघडून गाळ वाहू देतो. गाडीच्या नळ्यांनाही तोच न्याय लावावा. विंधन विहिरीच्या जड पाण्याने पांढरा क्षार धरला असेल, तर लिंबूसत्त्वाच्या पाण्याने तो सोडवून सर्व भाग स्वच्छ धुवून घ्यावा. आम्ल आणि क्लोरीन कधीही एकत्र येऊ देऊ नये. त्यातून विषारी वायू निघतो.

नंतर टाकी पाण्याने भरून १०० लिटरला ५ टक्के तीव्रतेचे, सुगंध नसलेले सोडियम हायपोक्लोराइट १०० मिलिलिटर घालावे. प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडा ठेवावा, मग चार तास तसेच राहू द्यावे. शेवटी वास जाईपर्यंत दोन-तीन वेळा ताजे पाणी फिरवावे आणि नवे काडतूस बसवावे. हे काढलेले पाणी विहिरीत, ओढ्यात किंवा झाडांच्या मुळाशी सोडू नये.

येथे श्रावकाचे मन अडखळते, आणि ते अडखळलेच पाहिजे. औषधाने टाकी निर्जंतुक होते, म्हणजे तिच्यात वाढलेल्या असंख्य जीवांचा घात होतो. घरातल्या मुलांच्या आरोग्यासाठी ते टाळता येत नाही. परंतु ते जीव तेथे वाढू दिले कोणी? दोष औषधाच्या बाटलीपाशी सुरू होत नाही. तो आषाढात, टाकी न उपसता गाडीला कुलूप लावले तेव्हाच सुरू झालेला असतो.

जळगावहून धुळे सुमारे ९५ किलोमीटर. एरंडोल मागे पडते, पारोळ्याचा किल्ला दिसतो, मुकटी आणि फागणे ओलांडून गाडी पांझरेच्या काठी धुळ्यात येते. या नदीवर जुन्या फड पद्धतीचे बंधारे आहेत. तेथे पाटाचे पाणी सर्वांचे, म्हणून पाटातला गाळ काढण्याचे श्रमही लाभधारक शेतकऱ्यांनी वाटून घ्यायचे, असा रिवाज आहे. पाणी घेणाऱ्यानेच त्याची वाट स्वच्छ राखावी, हा धडा तीर्थाच्या वाटेवरच मिळतो.

वाटेत टाकी भरताना दुहेरी कापडाचे गाळणे विसरू नये. विहिरीचे पाणी घेतले, तर गाळण्यावर राहिलेली जिवाणी त्याच विहिरीत हळुवार पोहोचवावी. पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे. धुतलेली टाकी हा त्याला पर्याय नव्हे.

दर्शन करून परतल्यावर यात्रा संपली असे वाटते, पण टाकीचे काम पुढच्या आषाढी चतुर्दशीला येते. त्या दिवशी टाकी, पंप आणि नळ्या पूर्ण रिकाम्या कराव्यात, झाकण उघडे ठेवून आतला ओलावा सुकवावा आणि नंतरच ते घट्ट बसवावे. कोरड्या टाकीत जीव उपजत नाहीत, म्हणून कार्तिकात त्यांना मारण्याची वेळही फारशी येत नाही. चातुर्मासाच्या पहिल्या दिवशी खर्च केलेला हा एक तास म्हणजे जयणाच होय.