दुसरा ‘न’

माझ्या लॅपटॉपच्या ‘न’ला दुणावण्याची खोड जडली. ‘मन’ लिहावे तर ‘मनन’ उमटे, ‘जन’चे ‘जनन’ होई, आणि गोकुळातल्या नंदाची तर जवळजवळ नणंदच! पहिल्या दिवशी हसलो. चौथ्या दिवशी टेबलावर मूठ आपटली.

शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाची पेठ म्हणून वसवलेल्या शाहूपुरीत माझे घर. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या पोराने कळ उचकटली, तर खाली गुळाचाच खडा!

“काका, कळ दाबली की आतला जोड जरा थरथरतो. यंत्र तिकडं काणाडोळा करतं. पण घाण अडकली की एकाचे दोन मोजतं.” आणि लगेच आलेले तेच अक्षर सोडून द्यावे, अशी सोयही त्याने संगणकात चालू करून दिली.

मी गप्प झालो. शेवटच्या वर्षी आई पुन्हा पुन्हा विचारी, “जेवलास का रे?” दुसऱ्या खेपेला मी खेकसत असे. तिच्या दुसऱ्या प्रश्नाला पहिल्यासारखे उत्तर देणे मला कधी जमले नाही.

कळ आता शहाणी झाली आहे. ‘मन’ लिहिले की ‘मन’च उमटते. मनन तेवढे माझ्यापाशी राहिले आहे.